माझ्या आधी कोण

लाकूप सुरू झाला. ऊसतोडणीच्या हंगामाला मॉरिशसमध्ये सगळे लाकूपच म्हणतात. माझी आय मराठीत बोलतानासुद्धा तोच शब्द वापरायची. ट्रकांतून सांडलेली उसाची कांडं रस्त्याच्या कडेला दिसू लागली आहेत. सकाळी काथ्र बोर्नहून पोर्ट लुईची बस धरली की खिडक्या बंद असल्या तरी पाचट जाळल्याचा वास आत येतो आणि कचेरीत पोचेपर्यंत केसांत मुरून बसतो. गावाकडे गेलं तर त्यात कारखान्यातल्या काकवीचा गोडसर, जरासा आंबूस वास मिसळलेला असतो. पहाटे हलकासा पाऊस पडून जातो, थंडी अजून सरलेली नसते, आणि डोंगरापर्यंत पसरलेलं हिरवं रान रोज थोडं थोडं कमी होत जातं. ऊस उभा असताना जी घरं दिसत नाहीत ती आता दिसू लागतात.

आमच्या लोकसंख्येच्या कचेरीतही हा हंगामच असतो. सिक्लोनचे, म्हणजे चक्रीवादळांचे, महिने मागे पडलेले, गावातल्या वाटा वाळलेल्या. घरोघरी जाऊन बायकांना प्रश्न विचारायचं काम याच दिवसांत निघतं, आणि त्यासाठी दर वर्षी नवी मुलं येतात. ताज्या पदव्यांची, कोऱ्या वह्यांची. या वर्षी दोन मुली आल्यात. एक युरोपात शिकलेली, दुसरी भारतात. कचेरीत नवा कॉम्प्युटर आलाय. त्या पांढऱ्या पेटीसमोर दोघी अशा बसतात की जणू घरच्या शिवणाच्या मशीनवर बसल्यात. मला ती पेटी अजून चालूही करता येत नाही.

"राधा मादाम यांना तयार करतील," असं वरून सांगण्यात आलं. दर वर्षी सांगण्यात येतं. दार कसं वाजवायचं, कुत्रा अंगावर आला तर काय करायचं, नवरा मध्ये मध्ये बोलू लागला तर त्याला न दुखवता बाहेर कसं पाठवायचं, हे मी शिकवते. तयार झाल्या की त्या जातात. कुणी परदेशी शिकायला, कुणी वरच्या मजल्यावर. मी खालच्याच मजल्यावर असते. काल दोघींतल्या धाकटीनं विचारलं, "मादाम, दर वर्षी तेच तेच शिकवायचा कंटाळा नाही येत?"

मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. कंटाळा येत नाही. जे येतं त्याला वेगळं नाव आहे. पुस्तकी मराठीत त्याला मत्सर म्हणतात. आमच्या घरी साधं म्हणायचे, "हिच्या पोटात दुखतंय."

माझ्या पोटात सगळ्यात जास्त दुखलं तो लाकूप दहा-बारा वर्षांपूर्वीचा. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि सरोज आमच्या कचेरीत नुकतीच आली होती.

सरोज पोर्ट लुईची. घरात भोजपुरी, बाहेर क्रेओल. वय तेवीस. भारतात जाऊन लोकसंख्याशास्त्राची पदवी घेऊन आलेली. मी तेहेतीसची होते. माझं शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपाशी थांबलं होतं. दोन धाकट्या भावांची पाळी आली तेव्हा आय म्हणाली होती, "तू थोरली, तू समजून घे." मी समजून घेतलं, मिळेल ती नोकरी धरली आणि पुढे या कचेरीत आले. पुढच्या दहा वर्षांत उत्तरेच्या पेती राफ्रेपासून दक्षिणेच्या शमें ग्रेनिएपर्यंत सगळी गावं पायांखालून गेली. कुठल्या घरातली बाई शेतावरून किती वाजता परतते, कुठल्या घरात सासू जवळ बसली की सुनेचं तोंड बंद होतं, सगळं मला पाठ होतं. त्याला पदवी म्हणत नाहीत एवढंच.

आमचे साहेब मोस्ये फेलिक्स. साठीकडे झुकलेले, हाडकुळे, कोपरावर विरलेला एकच कोट वर्षभर घालणारे. नव्या संशोधकांसाठी जीव टाकणारा माणूस. दुपारच्या जेवणानंतर ते नव्या मुलांना समोरच्या खुर्चीत बसवायचे आणि त्यांच्या लिखाणावर लाल पेन्सिलीनं खुणा करत एकेक वाक्य समजावून सांगायचे. बेटाची माणसं मोजायला बाहेरून तज्ज्ञ येतात, ती आपली आपण मोजायला शिकलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. सरोजला त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या खुर्चीत बसवलं. मला दहा वर्षांत एकदाही नाही. माझ्या कामात चुका सापडत नसत, हे त्याचं कारण असावं. तेव्हा मला ते सुचलं नाही. दार उघडं असायचं, आणि माझ्या टेबलावरून ती लाल पेन्सिल हलताना दिसायची.

"राधा, हिला तुमच्याबरोबर गावात न्या," मोस्ये फेलिक्स म्हणाले. "तुम्हाला जे येतं ते हिला द्या."

मी दिलं, पण हात आखडून.

त्या वर्षीचं काम दोन पिढ्यांचं होतं. आयांच्या वेळी घरात आठ-आठ, नऊ-नऊ मुलं. लेकी दोन-तीनवर थांबत होत्या. हे कसं घडलं ते शोधायचं, म्हणून आम्ही म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांनाही विचारत होतो. आणि तिथे एक अडचण होती. बाईला विचारलं, "तुला मुलं किती?" तर ती जिवंत असलेली सांगते. तापाच्या साथीच्या वर्षांत गेलेली, नाव ठेवायच्या आत गेलेली, ती सांगत नाही. लपवते असं नाही. कुणी जेवायला किती पानं घ्यायची विचारावं, तसं ती उत्तर देते. मग कागदावरून ती बाळं नाहीशी होतात, आणि सगळा हिशोब फसतो.

यावर मी एक वाट शोधली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सांत्र द फ्लाकजवळच्या एका घरात ती आपोआप सापडली. किती मुलं, हे विचारायचंच नाही. सगळ्यात धाकट्यापासून सुरुवात करायची. त्याचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, "ह्याच्या आधी कोण?" मग, "तिच्या आधी कोण?" बाई एकेक पाऊल मागे जाऊ लागते. आणि जिथे एखादं बाळ गेलेलं असतं तिथे थांबते. ती थांबली की आपण घाई करायची नाही. मान खाली घालायची, कागद सारखे करायचे, आणि वाट बघायची. कुठल्याही पुस्तकात हे वाचलेलं नव्हतं. माझं असं म्हणण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

पहिले तीन आठवडे मी सरोजला ते सांगितलं नाही. तिचे फॉर्म रोज माझ्याकडे तपासायला यायचे. साठीला टेकलेल्या बाईच्या दोन मुलांमध्ये चार-चार, पाच-पाच वर्षांची रिकामी जागा, आणि सरोजनं ती तशीच सोडलेली. मी बघत होते आणि गप्प होते. तपासणाऱ्याचं काम चूक दाखवणं. मी ती चूक जपून ठेवत होते.

एके दिवशी फ्लाकहून परतताना बसमध्ये ती म्हणाली, "राधादीदी, माझं काहीतरी चुकतंय."

"काय?"

"तुमच्या फॉर्ममधल्या बायकांची बाळं दगावलेली असतात. माझ्या फॉर्ममध्ये कुणाचंच नाही. सगळ्या नशीबवान बायका माझ्याच वाट्याला कशा येतील?"

एवढं सरळ विचारल्यावर खोटं बोलवेना. मी सांगितलं. बाहेर उसाचे ट्रक रस्ता अडवून उभे होते, बस हलत नव्हती, आणि सरोज मांडीवर वही ठेवून लिहून घेत होती. वर तिनं मथळा दिला, 'राधादीदींची पद्धत'. मला तो आवडला. घरी गेल्यावर मात्र भाजी चिरताना हाताखाली काही सुधरेना.

आठवड्याभरात ती ते माझ्यापेक्षा चांगलं करू लागली. हे मी आज लिहू शकते. तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. पेती राफ्रेला एका घरात आदल्या वर्षी मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. त्याच घरातल्या बाईनं सरोजला चुलीपाशी बसवून उकडलेला विलायती फणस मीठ लावून खायला दिला. मी कुंपणाबाहेरून बघितलं. सरोज विशेष काही करत नव्हती. नुसती बसली होती. माझ्या गप्प बसण्यात पुढच्या घराची घाई असायची, तिच्यात ती नव्हती. हे काही शिकून येत नाही, आणि म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं. पदवी तिची, खुर्ची तिची, आता माझी वाटही तिची.

मग शमें ग्रेनिए आलं. माझं माहेर. निवडलेल्या घरांच्या यादीत आमचंही घर निघालं. आपल्या नात्यातल्या घरी आपण जायचं नाही, असा कचेरीचा नियम. म्हणून आयकडे सरोज गेली. मी दोन गल्ल्या पलीकडे होते. माझी तीन घरं उरकली तरी ती बाहेर आली नाही. मी शुशूच्या मांडवाआड उभी राहिले. शुशू म्हणजे ती फिकट हिरवी, काटेरी सालीची फळभाजी. आयनं परसात तिचा वेल चढवला होता. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं सरोज आली. तिचा चेहरा उतरला होता.

"झालं," एवढंच म्हणाली.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. एरवी दिवसभराचं सगळं मला सांगायची. त्या दिवशी क्यूरपिप येईपर्यंत एक अक्षर नाही. आणि ते बरोबरच होतं. घरात ऐकलेलं घरात ठेवायचं, हा धडा मीच तिला दिला होता.

पण फॉर्म माझ्याकडे येणार होते. आयचा फॉर्म मी न उघडता मोस्ये फेलिक्सच्या टेबलावर ठेवायला हवा होता. तसाही नियम होता. मी तो उघडला.

सगळ्यात वर धाकटा भाऊ. त्याच्या आधी मधला. त्याच्या आधी मी; सरोजच्या सुबक अक्षरात माझं नाव, 'राधा'. तिथे फॉर्म संपायला हवा होता. मी घरची थोरली. पण खाली आणखी एक ओळ होती. मुलगी. अकरा दिवस जगली. नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ, आणि बाजूला समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'नाव सांगितलं. लिहू नका म्हणाली.'

मला एक बहीण होती. अकरा दिवस. यावर माणसाला रडू यायला हवं. मला आधी राग आला. आयनं तिला सांगितलं. तेहेतीस वर्षांत जे मला मराठीत सांगितलं नाही ते परक्या पोरीला एका दुपारी क्रेओलमध्ये सांगितलं. नावसुद्धा सांगितलं. जन्मभर 'तू थोरली, तू समजून घे' ऐकलं, त्यासाठी वह्या मिटल्या, आणि मी थोरली नव्हतेच. हे साऱ्या बेटावर दोघींना ठाऊक होतं. एक माझी आय, आणि दुसरी सरोज.

त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचं पत्र आलं. परदेशी दोन वर्षांचं शिक्षण, जागा एक, अट पदवीची. मोस्ये फेलिक्सना सरोजला पाठवायचं होतं. गावात तिचं काम बघणारी मी, म्हणून अर्जासोबत माझं मत लागणार होतं. मी तीन वाक्यं लिहिली. 'कामात घाई करते. बायकांना बोलतं करण्याच्या नादात त्यांच्या खाजगी गोष्टींत फार शिरते. एवढ्यात पाठवू नये.' खाली सही केली आणि कागद ठेवून आले. घरी जाताना बसमध्ये मला अगदी हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मोस्ये फेलिक्सनी बोलावलं. "बसा, राधा." मी त्या खुर्चीत बसले. त्यांनी लाल पेन्सिल उचलली. दहा वर्षांनी माझी पाळी आली होती.

"तुमचे कागद मी कधी तपासत नाही. का, माहीत आहे?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"कारण पुराव्याशिवाय तुम्ही काही लिहीत नाही. एखाद्या बाईचं वय चुकलं तर तुम्ही तिच्या लग्नाचं वर्ष शोधून आणता." त्यांनी माझ्या तिन्ही वाक्यांखाली एकेक रेघ मारली. "इथे काही दिसत नाही मला. कुठलं घर? कुठली बाई? कधी घाई केली?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"मी हे पाठवणार नाही असं म्हणत नाही," ते शांतपणे म्हणाले. "सरोजची शमें ग्रेनिएची सहा घरं आहेत. तुमचं सोडून पाच. तिथे परत जा, तेच प्रश्न विचारा, फॉर्मशी ताडून बघा. काही सापडलं तर सोमवारी हा कागद जसाच्या तसा जाईल."

असं ताडून बघणं कचेरीच्या रिवाजातलंच होतं. मी शुक्रवारी गेले. आणि खरं सांगायचं तर चूक सापडावी म्हणूनच गेले. रानातला ऊस जवळजवळ संपला होता. उघड्या पडलेल्या जमिनीवर पाचटाचे ढीग, आणि त्यांच्यामागे, उसाच्या दिवसांत गावातून कधी न दिसणारा समुद्राचा पट्टा. मी पाच घरं फिरले. वयं जुळली, वर्षं जुळली, गेलेली बाळंसुद्धा जुळली. पाचव्या घरी पार्वतीमावशी पाचट बांधत होती. आयच्या वयाची, तिच्याबरोबर शेतावर राबलेली. माझे प्रश्न संपल्यावर ती म्हणाली, "ती पोरगी परत येनार हाय काय?"

"का गो मावशी?"

"त्या दिशी मी येक इसरले. तिला सांगायचा हाय."

"मला सांग. मीच लिहिते."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पेंढीची गाठ आवळली. "तिलाच सांगीन," म्हणाली. "तू तिला धाड."

पाच घरांत मिळून सरोजची एवढी एकच चूक, आणि तीसुद्धा तिनंच येऊन दुरुस्त करावी म्हणून बाई अडून बसलेली.

आमच्या घरी गेले तेव्हा आय नुकतीच शेतावरून आली होती. कमरेचा गोणपाट सोडून तिनं दारातल्या खिळ्याला अडकवला होता आणि पाय पाण्यात सोडून बसली होती.

"आज कशी काय आयलीस गो? कोंजे हाय काय? सुट्टी?"

"नाय. काम हुतं गावात."

"मंग बस. दिते टाकते." दिते म्हणजे चहा; तोही आमच्या मराठीत क्रेओलमधूनच आलेला.

ती उठली. ओल्या पायांचे ठसे चुलीपर्यंत गेले. मी काही विचारायचं ठरवून गेले नव्हते. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणूनच तोंडातून निघालं असावं.

"आय, माझ्या आधी कोण?"

तिचा हात थांबला. किती बायका माझ्यासमोर अशा थांबल्या होत्या. त्या वेळी काय करायचं ते मला पाठ होतं, पण सारखे करायला हातात कागद नव्हते, आणि मान खाली जाईना.

"त्या पोरीनं सांगितलान तुला?" आयनं मागे न बघता विचारलं.

"नाय. ती कुनाला सांगायची नाय. ती तशी नाय." हे मी इतक्या ठामपणे बोलले की माझं मलाच ऐकू आलं. मला विचारलं गेलेलं मत हे होतं, आणि कागदावर मी दुसरंच लिहून आले होते.

"मंग?"

"कागद माझ्याकडं येतात. मी वाचला."

पाण्याला उकळी आली, तिनं पावडर टाकली, साखर टाकली, दूध ओतलं. मग म्हणाली, "मी तिला सांगितला. तुला नाय."

"तेच तर, आय. तिला का? मी हितंच हुते की इतकी वर्सं."

"म्हनूनशान," आय म्हणाली. "ती उठून जानार हुती. तुला सांगितला असता तर तू रोज माज्याकडं अशी बघितली असतीस." ती आता वळली होती. "जशी आता बघतंस."

मी मान खाली घातली. तिनं कप माझ्यासमोर ठेवला. आम्ही चहा प्यायलो. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. कप संपता संपता मी विचारलंच, "नाव काय हुतं तिचं?"

आय उठली, कोपऱ्यातली टोपली घेतली आणि माझ्या हातात दिली. "मांडवावरच्या शुशू उतरव जरा. घरी घेऊन जा. हितं कोन खातंय इतक्या."

मी शुशू उतरवल्या. टोपली भरली तरी उतरवत राहिले. पुन्हा कधी मी तिला ते विचारलं नाही.

सोमवारी मी नवं मत लिहिलं. दीड पान झालं. कुठलं घर, कुठली बाई, कुठल्या प्रश्नाशी सरोज कशी थांबली, सगळं पुराव्यानिशी. शेवटी एक वाक्य घातलं, की नात्यातल्या घराचा फॉर्म मी उघडायला नको होता, तो उघडला. मोस्ये फेलिक्सनी सगळं वाचलं. "हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती," म्हणाले.

"होती," मी म्हटलं.

त्यांनी पहिला कागद परत दिला, आणि तो मी त्यांच्यासमोर फाडला. मग ते म्हणाले, "तुमची ती विचारायची पद्धत लिहून काढा, राधा. मी बसतो तुमच्याबरोबर." आम्ही चार दुपारी बसलो. चार पानं झाली. मग घरी माझी मुलं गोवरानं आजारी पडली, पुढच्या वर्षी मोस्ये फेलिक्स निवृत्त झाले, आणि ती पानं माझ्या खणात राहिली. त्यात कुणाचा दोष नाही. पण त्या चार दुपारी मला कधी कधी इतक्या आठवतात, की नव्या मुलींना समोर बसवलं की मी हातात साधी काळी पेन्सिलच घेते.

सरोज गेली. विमानतळावर तिची अख्खी गल्ली लोटली होती. हार घातलेल्या अवस्थेतच वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला. "दीदी, तुमच्या पत्रामुळे," म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. फाडलेल्या कागदाबद्दल तिला आजही ठाऊक नाही. दोन वर्षांनी ती प्रबंध घेऊन परत आली. त्यात एक सबंध प्रकरण 'आधी कोण' या प्रश्नावर आहे, आणि सुरुवातीला माझे आभार. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं ते तिच्या पुस्तकात. ते पान मी कितीदा उघडलं असेल. दर वेळी आधी आनंद होतो आणि मग पोटात दुखतं. क्रम कधी बदलत नाही.

आता ती आमच्या कचेरीची प्रमुख आहे. "राधा मादाम यांना तयार करतील," हे वरून सांगणारी तीच. चांगली प्रमुख आहे. नव्या मुलांची ती जेवढी काळजी घेते तेवढी मोस्ये फेलिक्सनीही घेतली नसेल. कुणाला पुस्तक, कुणाला ओळखीचं पत्र, कुणाला नुसता धीर. मला 'दीदी' म्हणणं तिनं सोडलेलं नाही. तिच्यात एखादी खोट काढावी म्हटलं तर मला पुन्हा पुरावा शोधावा लागेल, आणि तो मिळणार नाही हे मला ठाऊक आहे.

आय गेल्या वर्षी गेली, लाकूप संपता संपता. तेराव्याला सरोज शमें ग्रेनिएला आली. साहेबीण म्हणून कुणी तिला खुर्ची दिली तर ती घेतली नाही. मागच्या अंगणात बायकांमध्ये बसून ती पत्रावळी पुसत होती. पार्वतीमावशी तिच्या शेजारी सरकून काहीतरी सांगत होती. बहुतेक आणखी एखादं विसरलेलं. मी वाढपाच्या गडबडीत होते, पण माझं लक्ष तिथेच होतं.

माणसं पांगल्यावर मी तिला गाडीपर्यंत पोचवायला गेले. दार उघडून ती थांबली.

"दीदी," ती हळू आवाजात म्हणाली, "तांतीननी मला लिहू नको म्हटलं होतं. सांगू नको, असं म्हटलं नव्हतं. आता त्या नाहीत. तुम्हाला हवं असेल तर..."

आयला ती पहिल्यापासून तांतीनच म्हणायची, मावशी. म्हणजे मी तो फॉर्म वाचला होता हे तिला एवढी वर्षं ठाऊक होतं, आणि तिनं एका शब्दानं जाणवू दिलं नव्हतं.

मला ते नाव हवं होतं. एक शब्द. ती उच्चारणार आणि माझी बहीण माझी होणार. पण ती ते उच्चारणार तिच्या तोंडानं, आणि मला ते घ्यायचं तिच्या हातून. आयनं मला दिलं नव्हतं. 'तिला सांगितला, तुला नाय.' त्या क्षणी मी आयचा मान राखला की मला फक्त सरोजकडून घेणं झेपलं नाही, हे मी वर्षभर स्वतःला विचारते आहे, आणि अजून मला नीट सांगता येत नाही.

"नको," मी म्हटलं. "उशीर होईल तुला. ट्रक लागतील वाटेत."

तिनं माझा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडला. मग ती गाडीत बसली आणि माझ्या बहिणीचं नाव घेऊन पोर्ट लुईला गेली.